ढोलीत ठेवलेला आवाज

त्या राज्यात शब्द हद्दीपलीकडे जात, आवाज जात नसे. गडावरचा निरोप खाली माळावर न्यायचा, तर निरोप्याने शब्द तेवढे न्यायचे. ज्या आवाजात ते बोलले गेले तो आवाज गडाच्या दरवाजाशीच ठेवून जायचे, अशी रीत होती.

रीत पडायला कारण घडले होते. फार मागे कोण्या एका ससाण्याच्या घशात जेवताना हाड अडकले आणि त्याने एक साधासुधा निरोप खेकसून सांगितला. निरोप्या पोपट होता आणि नको तितका हुशार होता. तो खेकसण्यासकट निरोप घेऊन गेला, आणि त्या एका खेकसण्यापायी दोन डोंगरांमध्ये सात वर्षे पिसे उडाली. शेवटी दोन्हीकडचे शहाणे एकत्र बसले आणि त्यांनी निवाडा केला, की सगळा दोष आवाजाचा. राग आवाजात असतो, लोभ आवाजात असतो, कपट आवाजात असते. शब्द बिचारे गरीब गाईसारखे, बांधाल तिथे उभे राहतात. शहाण्यांचा निवाडा असल्यामुळे त्याला कोणी पुन्हा तपासून पाहिले नाही.

गडाच्या दरवाजाबाहेर एक वठलेला बेहडा होता. त्याच्या बुंध्यात खोल ढोली होती. निरोप्याने तिच्यात मान घालून निरोप एकदा जसाच्या तसा, मालकाच्या आवाजात म्हणायचा. आवाज आत राहतो असे मानत. मग बाहेर येऊन तोच निरोप कोरड्या आवाजात म्हणून पाहायचा आणि उडायचे. जोराचा वारा सुटला की ढोली घुमे, आणि जुने पक्षी म्हणत, हा अमक्या सरकारांचा संताप, तो तमक्या सरकारांचा कंटाळा. ससाणे स्वतः मात्र तिच्याजवळ कधी फिरकत नसत. आपलेच टाकलेले कोण हुंगायला जातो?

निरोपाचे आणखीही नियम होते. निरोप्याने एक शब्द घालायचा नाही, एक गाळायचा नाही. घातला किंवा गाळला तर चोच छाटत. ऐकणाऱ्याला तीनदा ऐकण्याचा हक्क असे, पण तो कोणी वापरत नसे, कारण एकदा ऐकून विश्वास ठेवणे हे चांगल्या घरचे लक्षण समजले जाई. निरोप ऐकून झाला की ऐकणाऱ्याने पानाच्या द्रोणात पाणी ठेवायचे. निरोप्याने ते प्यायले की निरोप संपला. पाणी पिईपर्यंत निरोप्याच्या पिसाला कोणी हात लावायचा नाही, मग तो कितीही कडू बातमी घेऊन आलेला असो.

गडाची निरोपी होती सगुणा साळुंकी. नऊ पावसाळे तिने हे काम केले होते आणि तिच्या कोरड्या आवाजाची ख्याती होती. ती निरोप सांगू लागली की वाळके पान दगडावरून सरकल्यासारखे वाटे. तिला याचा अभिमान होता, आणि खरे सांगायचे तर थोडा ताठाही होता. निरोपात काय आहे याकडे ती लक्ष देत नसे. हमालाने पोत्यात काय आहे ते विचारू नये, असे ती म्हणे. पण एकदा नेलेला निरोप ती विसरतही नसे. नऊ वर्षांचे निरोप तिच्या डोक्यात ओळीने पडून होते, आणि त्यांतला एकही तिने उघडून पाहिला नव्हता.

माळावर लावे राहत. गडावरचे ससाणे कोणालाही खात, पण लाव्यांना खात नसत. माळावर परका शिरला की लावे ओरडत आणि गडाला खबर मिळे. त्या बदल्यात ही सूट होती. शिवाय दर साली गडाच्या पटांगणात आपोआप उगवलेला राळा पिकून गळू लागला की गडाचा धनी असलेला ससाणा लाव्यांना दाणे टिपायला बोलावी. ससाण्याला राळ्याचा उपयोग नाही. स्वतःला न लागणाऱ्या वस्तूंचे दान करण्यात त्या घराण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची ख्याती होती.

सगुणेला माळ परका नव्हता. ती पिल्लू असताना वादळात घरट्यातून पडली, आणि ठकूआत्या नावाच्या लावीने तिला आपल्या पिल्लांबरोबर पोटाखाली घेतले. साळुंकीचे पोर लावीच्या पंखाखाली मावत नसे. पाय बाहेर राहत. ठकूआत्या रात्रभर त्या पायांवर गवत ओढत बसे. आता ती म्हातारी झाली होती आणि सगळ्या माळाची आत्या झाली होती. जगात सगुणेला आपले म्हणावे असे तेवढेच होते.

त्या साली पाऊस रुसला. माळावर गवत आले पण दाणा धरला नाही. डोंगरावरची कबुतरे एके दिवशी उठली आणि दुसऱ्या मुलखात निघून गेली. ससे दिसेनासे झाले. गडाच्या तटावर पहाऱ्याला बसणारे शिक्रे खाली माळाकडे पाहत बसत, आणि कोणी पाहतो आहे असे वाटले की मान दुसरीकडे वळवत. सगुणेने हे पाहिले होते, पण तिला पाहायचे पैसे कोणी देत नव्हते, म्हणून तिने त्याचा विचार केला नाही.

एके सकाळी ससाण्याने तिला बोलावले. एरवी तो पाठमोरा असे आणि तोंडात घास असताना, खांद्यावरून मागे फेकल्यासारखा निरोप सांगे. आज तो तिच्याकडे तोंड करून बसला होता.

"ये सगुणा, जवळ बस," तो म्हणाला. "दमली नाहीस ना?"

नऊ वर्षांत हे तिला कोणी विचारले नव्हते. तिच्या पायात एकदम बळ आले. मग ससाण्याने निरोप सांगितला, आणि काय त्याचा आवाज होता! पोळ्यातला मध उन्हाने पातळ होऊन फांदीवरून उतरावा तसा तो येत होता. त्यात माया होती, काळजी होती, थोडे हसूही होते. सगुणेने डोळे मिटून घेतले. निरोप संपल्याचेसुद्धा तिला उशिरा कळले.

"आणि ऐक," ससाणा म्हणाला, "या वेळी आवाज ढोलीत ठेवायचा नाही. जसा ऐकलास तसा, माझ्या आवाजासकट सांग. माळावरच्यांना कळू दे आम्हांला त्यांच्याविषयी काय वाटते ते."

"पण सरकार, रीत—"

"रीत आम्ही घातली, आम्ही सोडली. हैबती तुझ्याबरोबर येईल."

हैबती हा पहाऱ्यावरचा शिक्रा. अंगाने लहान, डोळ्याने पिवळा, हुकमाला पक्का. त्याला समजावून सांगायला ससाण्याने मागे ठेवून घेतले आणि सगुणा दरवाजाबाहेर आली.

सवय वाईट असते. पाय आपोआप बेहड्याकडे वळले, मान आपोआप ढोलीत गेली, आणि हुकूम आठवायच्या आत तिने सगळा निरोप ससाण्याच्या मधाळ आवाजात आत ओतून टाकला. ढोलीने तो पोटात घेतला. मान बाहेर काढून, तितक्याच सवयीने, तिने तो कोरड्या आवाजात म्हणून पाहिला.

"माळावरील समस्त लाव्यांस कळवावे. राळा तयार आहे. परवा सकाळी सर्वांनी झाडून हजर राहावे. पिल्ले मागे ठेवू नयेत. कोणीही मनात भय बाळगू नये. गडावर कोणाच्याही पिसाला धक्का लागणार नाही."

ती थांबली. ऊन चांगले वर आले होते, तरी तिच्या अंगावर पीस न् पीस उभे राहिले.

तिला का भीती वाटली ते तिला लगेच सांगता आले नसते. तिने निरोप पुन्हा म्हटला, हळू. 'भय' या शब्दापाशी तिची जीभ अडखळली. भयाची गोष्ट कोणी काढली होती? नऊ वर्षे लावे गडावर जात होते, भांडत, धक्काबुक्की करत, राळ्यात लोळून येत होते. कोणी घाबरले नव्हते, म्हणून कोणाला धीर देण्याचीही वेळ आली नव्हती.

तेव्हा तिने आयुष्यात पहिल्यांदा जुन्या निरोपाचे पोते सोडले. गेल्या सालचा निरोप ससाण्याने हाड फोडता फोडता, वैतागून सांगितला होता. तो कोरडा म्हणून पाहिला तर असा होता: "माळावरच्या मंडळींना सांग. राळा गळायला लागलाय. सवडीनं या. लहानांना आणलंत तरी चालेल, नाही आणलंत तरी चालेल. पोटभर टिपा आणि ऊन कलायच्या आत घरी परता, वाटेत साप असतात."

मंडळी म्हणणारा तोच होता, आता लावे म्हणणाराही तोच. या म्हणणारा तोच, हजर राहावे म्हणणाराही तोच. वैतागलेल्या तोंडातून सापांची काळजी निघाली होती. आणि या सालच्या त्या मायाळू आवाजात, वरखाली कितीही शोधले तरी, घरी परतण्याविषयी एक अक्षर नव्हते.

"झाली का तयारी?" मागून हैबती म्हणाला.

सगुणा दचकली. "झाली."

"ढोलीत ठेवला नाहीस ना आवाज?"

क्षणभर तिला वाटले, सांगावे, ठेवला, चुकून राहिला आत, आता येणार नाही. पण हैबती तिच्या गळ्याकडे पाहत होता.

"म्हणून दाखव एक ओळ," तो म्हणाला.

साळुंकीच्या घशात शिरलेला आवाज ढोलीत ओतला तरी घशातही जन्मभर उरतो, हे गुपित निरोप्यांनी कधी कोणाला सांगितले नव्हते. भीतीने तिचा गळा आपोआप उघडला आणि त्यातून ससाणा बोलला. हैबतीने मान हलवली. "वा. मलासुद्धा जावंसं वाटलं," तो म्हणाला आणि हसला. ते हसणे तिला अजिबात आवडले नाही.

गडापासून माळापर्यंत फार तर घटकाभराची वाट. तेवढ्यात सगुणेने शंभर युक्त्या केल्या आणि शंभर मोडल्या. एक शब्द घातला तर चोच जाईल. चोच गेली तर जावो; पण हैबतीला निरोप पाठ होता, तो तिथेच म्हणेल की ही खोटे बोलते, आणि मग खरा निरोप तोच सांगेल. लावे ससाण्याच्या शिपायाचे ऐकतील की चोच छाटलेल्या साळुंकीचे? ती उडत होती आणि तिच्या शेजारी, एका पंखाच्या अंतरावर, हैबती आरामात तरंगत होता.

माळावर लावे जमले. उपासाने त्यांची पोटे आत गेली होती आणि डोळे मोठे दिसत होते. पिल्ले मातीत चोची मारत होती, काही नसले तरी. ठकूआत्या पुढे आली. तिला आता नीट दिसत नसे, पण सगुणेच्या पंखांचा आवाज ती ओळखे.

"आलीस का गं बाई," ती म्हणाली. "बघ, कशी वाट बघत होती ही सगळी. राळ्याचा सांगावा आणलास ना?"

"गडाचा निरोप आहे," सगुणा म्हणाली.

"सरकारांच्या आवाजासकट," हैबती बाजूच्या दगडावर बसत म्हणाला. "सरकारांनी मुद्दाम पाठवलाय."

सगुणेने निरोप सांगितला. नऊ वर्षांत तिने इतका चांगला निरोप कधी सांगितला नव्हता, आणि सांगताना तिला स्वतःची किळस येत होती. मध माळभर पसरला. 'कोणीही मनात भय बाळगू नये' या ओळीला तर दोन लाव्यांच्या डोळ्यांत पाणी आले. पिल्लांनी चोची मारणे थांबवले. कोंडिबा नावाचा एक तरणा लावा होता, चार पिल्लांचा बाप. तो सगळ्यांच्या आधी उठला.

"ऐकलंत?" तो म्हणाला. "आणि आपण म्हणत होतो, या साली गड आपल्याला विसरला. चला, पोरांना न्हाऊ घाला. परवा कशाला, उद्याच जाऊन बसू दाराशी."

"परवाच या," हैबती म्हणाला. "परवा सगळी तयारी असेल."

एका लावीने रीतीप्रमाणे पळसाच्या पानाचा द्रोण आणून सगुणेपुढे ठेवला. माळावर पाण्याची टंचाई असूनही तो काठोकाठ भरला होता. आता तिने चोच बुडवली की निरोप संपला.

सगुणेने पाण्याकडे पाहिले आणि ती तशीच उभी राहिली.

आधी कोणाच्या लक्षात आले नाही. लावे परवाच्या गोष्टी करू लागले होते. कोण कोणाशेजारी बसणार, म्हाताऱ्यांना कसे न्यायचे. ऊन चढत होते. सगुणेच्या घशाला उडून उडून कोरड पडली होती आणि पाणी तिच्या चोचीपासून दोन बोटांवर चमकत होते.

"पी पाणी," हैबती म्हणाला. "निघायचंय."

"पिते."

ती प्यायली नाही. हैबतीने दगडावर पाय बदलला. त्याला काहीतरी बोचले, पण काय ते कळेना. निरोप तर तिने शब्दाला शब्द, आवाजाला आवाज सांगितला होता. पाणी लगेच प्यावे असा नियम कुठे होता?

"सगुणे, पी ना," पाणी आणणारी लावी म्हणाली. "गढूळ नाही, मी गाळून आणलंय."

सगुणेने चोच मिटलेलीच ठेवली. ती मनात म्हणत होती, आत्या, तुला दिसत नाही हे मला माहीत आहे, पण तू ऐक. मी पाणी पीत नाही आहे, ते ऐक. नऊ वर्षांत कधी मी थांबले होते का?

ठकूआत्याने मान तिरकी केली. ती द्रोणाजवळ आली, चोचीने पानाची कड चाचपली. पाणी काठाला होते.

"घोटभरबी घेतलं नाहीस," ती हळूच म्हणाली. मग तिने मान वर करून सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हटले, "सगुणे, निरोप परत सांग. आणि या टायमाला कोरडा सांग. आपल्या रीतीनं."

"रीत सरकारांनी सोडलीय," हैबती म्हणाला.

"सरकारांनी सोडली आसंल. त्यांचा हुकूम झाला, आम्ही आवाजासकट ऐकला, कान निवले. पण तीनदा ऐकायचा हक्क आमचा हाय. दुसऱ्यांदा कसा ऐकायचा ते आम्ही ठरवू."

हैबती सगुणेकडे पाहत राहिला. तिला अडवले असते तर निरोप मोडला असता, आणि पाणी न प्यायलेल्या निरोपीला हात लावल्याचे शंभर लाव्यांनी पाहिले असते. मग परवा कोण आले असते? तो बसून राहिला.

सगुणेने निरोप कोरडा सांगितला. वाळके पान दगडावरून सरकले. समस्त लाव्यांस. झाडून. हजर राहावे. पिल्ले मागे ठेवू नयेत. तेच शब्द लाव्यांनी आत्ताच ऐकले होते आणि ते ऐकून त्यांना रडू आले होते. आता प्रत्येक शब्द खड्यासारखा सुटा होऊन पुढ्यात पडत होता, आणि ते त्याच्याकडे पाहत होते.

"हां," ठकूआत्या म्हणाली. "आता तिसऱ्यांदा. गेल्या साली काय निरोप आला होता तो सांग."

"जुना कशाला?" हैबती ताडकन म्हणाला.

"म्हातारपणी विसरायला होतंय बाबा. सांग गं."

सगुणेने तोही सांगितला. मंडळी. सवडीनं. चालेल. वाटेत साप असतात. तो इतका घरगुती होता की मागे कोणीतरी सवयीने हसले, आणि हसता हसता थांबले.

मग ठकूआत्या हैबतीकडे वळली. तिचा आवाज अगदी साधा होता. "हैबतराव, लहान पोरं असतात, ऊन लागतं. परवा आम्ही परतायचं कधी?"

हैबतीने तोंड उघडले. त्याने गडाकडे पाहिले, मग स्वतःच्या नख्यांकडे.

"त्याबद्दल," तो म्हणाला, "हुकूम झालेला नाही."

कोंडिबा उभा होता तो खाली बसला, आणि त्याच्या बायकोने चारही पिल्ले पोटाखाली ओढून घेतली. मग दुसरीने घेतली. थोड्या वेळाने माळावर एकही पिल्लू दिसेना.

"उत्तर घेऊन जा," ठकूआत्या सगुणेला म्हणाली, आणि तिने उत्तर सांगितले. सांगता सांगता ती सगुणेच्या पायांवर गवत ओढत होती, कारण हे उत्तर घेऊन पोरीला कुठे जायचे आहे ते तिला ठाऊक होते. "जायलाच पायजे का गं?" तिने विचारले.

"मी आले नाही तर ते आजच खाली येतील," सगुणा म्हणाली. "उत्तराची वाट बघतील तेवढा वेळ तुमचा."

मग तिने चोच बुडवली आणि द्रोण तळापर्यंत प्यायला.

परत जाताना ती सावकाश उडाली, इतकी सावकाश की हैबती दोनदा मागे फिरून आला. पुढे कधीतरी आपल्याला विचारतील तेव्हा काय सांगायचे याची तो जुळवाजुळव करत होता. सगुणेने एकदाच खाली पाहिले. माळाच्या दूरच्या कडेला, जिथे करवंदांच्या काटेरी जाळ्या सुरू होतात आणि ससाण्याचे पंख शिरू शकत नाहीत, तिथे गवत हलत होते. वारा तर अजून सुटला नव्हता.

ससाणा दरवाजाबाहेर येऊन थांबला होता. तटावर सगळे शिक्रे बसले होते, ओळीने.

"बोल, सगुणा," तो म्हणाला. आवाज तसाच मधाळ होता.

"गडावरील ससाण्यास कळवावे," सगुणा कोरड्या आवाजात म्हणाली. "निरोप पोचला. राळा आपणास लखलाभ असो. आमचे सर्वजण झाडून सुखरूप आहेत. आमच्याविषयी कोणीही मनात काळजी बाळगू नये."

गेल्या नऊ वर्षांचे उत्तर एकच असे: 'सरकार, आलोच.' ससाण्याची मान किंचित पुढे आली.

"कोणत्या आवाजात म्हणाली म्हातारी हे? रागाने म्हणाली? भिऊन म्हणाली?"

"आवाज आणायची रीत नाही, सरकार."

हैबतीने तटावर जागा शोधून तोंड लपवले. मग ससाण्याने स्वतः, आपल्या चोचीने, पाण्याचा द्रोण उचलून तिच्यापुढे ठेवला. गडावर हे काम नोकर करत.

"घे," तो म्हणाला, आणि पोळ्यातला सगळा मध त्याने त्या शब्दात ओतला. "दमून आलीस. पाणी घे, बाळ."

सगुणेने पाण्याकडे पाहिले. तिच्या घशात जाळ झाला होता. पाणी पिईपर्यंत ती निरोपी होती. प्यायल्यावर ती एक साळुंकी होती आणि कबुतरे मुलूख सोडून गेली होती. ज्याने एक रीत मोडली त्याला दुसरी मोडायला किती वेळ लागतो, तेही तिला माहीत होते. ती बसली, पंख मिटले आणि थांबली. ससाणाही थांबला. तटावरच्या नख्या दगडावर घासल्याचे ऐकू येत होते. दोन प्रहर टळले. माळावर कोणी ओरडले नाही, गडाला कसली खबर लागली नाही.

मग वारा सुटला.

तो माळावरून आला, रिकाम्या गवतातून, आणि बेहड्याच्या ढोलीत शिरला. ढोली घुमू लागली. जुने संताप आणि जुने कंटाळे खाली तळाशी राहिले असतील. वर काय होते ते सकाळचेच होते. पातळ, सोनेरी, मायेने भरलेले काहीतरी ढोलीतून बाहेर येऊ लागले. त्यात शब्द नव्हते. काळजी होती, बोलावणे होते, थोडे हसू होते.

तटावरचा एक शिक्रा खाली उतरला. मग दुसरा. तीन दिवसांचे उपाशी ते ढोलीपुढे येऊन बसले, माना तिरक्या करून, चोची अर्धवट उघड्या ठेवून. हैबतीही आला. ससाण्याने आधी नुसते वळून पाहिले. मग त्याचे डोळे जड झाले. त्याचा एक पाय पुढे पडला, मग दुसरा. त्याने दोघातिघांना खांद्याने बाजूला सारले.

सगुणेने पंख उघडले. द्रोण तसाच भरलेला होता. ती करवंदांच्या जाळ्यांकडे निघाली तेव्हा एकानेही मान वर केली नाही.

आत कोण आपल्याशी इतके गोड बोलते आहे ते पाहायला ससाण्याने ढोलीत मान घातली होती.